टेकडी राखायची तर कुदळ सगळ्यात शेवटी: पायथ्याचा झिरा आणि विहिरी जगवण्यासाठी गावाने काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करावं

आमचं गाव नागपूर जिल्ह्याच्या पश्चिमेला, संत्र्याच्या पट्ट्यात. गावामागे टेकडी आणि टेकडीच्या पायथ्याशी दगडाच्या कपारीत एक झिरा. माझी आई अक्षय तृतीयेपर्यंत तिथून हंडा भरून आणायची. पुढे तो होळीलाच आटू लागला आणि एका वर्षी तर संक्रांतीनंतर तिथे फक्त ओली माती उरली. त्याच सुमारास पायथ्याच्या विहिरींना पाणी कमी पडू लागलं आणि ज्याला परवडलं त्याने बोअर मारला.

आम्ही टेकडीवर काम सुरू केलं त्याला आता सहा वर्षं होतील. पहिल्या वर्षी जवळपास सगळं उलट्या क्रमाने केलं. आता आजूबाजूच्या गावांतली पोरं विचारायला येतात आणि त्यांचा पहिला प्रश्न हमखास असतो, "दादा, जेसीबी कुठून आणला?" म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. टेकडीवरून पाणी धावतं ते तिथलं गवत आणि माती गेल्यामुळे. ती परत यायला आधी राखण लागते, खोदकाम नंतर.

१. आधी पाणी खाली कसं येतं ते बघा

पावसाळ्यात, जोरदार सर चालू असताना, दोन-तीन जण मिळून टेकडीवर जा. वीज कडाडत असेल तर मात्र जाऊ नका. कोणत्या ओघळीतून पाणी धावतं, त्याचा रंग कसा आहे, कुठे ते मुरतं, हे डोळ्यांनी बघा. आमच्या टेकडीच्या पूर्वेच्या उतारावरून चहासारखं लाल पाणी खळाळत येत होतं. पश्चिमेला महादेवाचं ठाणं आहे. देवाची जागा म्हणून तिथलं गवत कोणी कापत नाही, गुरंही घालत नाही. तिथे कुसळ आणि पवन्या मांडीएवढा वाढलेला. त्यातून निथळणारं पाणी ओंजळीत घेतलं तर तळहाताच्या रेषा दिसत होत्या. टेकडी एक, पाऊस एक. पुढची सहा वर्षं काय करायचं ते त्या दहा मिनिटांत समोर दिसलं होतं, आम्हाला कळायला मात्र वर्ष गेलं.

थोडं खडकाबद्दल. हिंगणा, कळमेश्वर, काटोल, नरखेड या बाजूला काळा पाषाण आहे, लाव्हाचे थर एकावर एक. पाणी मुरमातून आणि भेगांतून खाली उतरतं, घट्ट थर लागला की आडवं सरकतं आणि उतारावर तो थर जिथे उघडा पडतो तिथे झिरा फुटतो. रामटेक, पारशिवनी, देवलापारकडचा खडक वेगळा आणि याहून फार जुना. तिथलं पाणी भेगांच्या दिशेने जातं. त्यामुळे झिऱ्याला पाणी पुरवणारा उतार नेमका त्याच्या डोक्यावरचाच असेल असं नाही. टेकडीच्या पलीकडच्या अंगालाही असू शकतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला ग्रामपंचायतीचं पत्र द्या आणि भूवैज्ञानिकांनी एकदा जागा पाहावी अशी विनंती करा. काम सुरू होण्याआधी ही एक फेरी झाली तर चुकीच्या उतारावर घाम गाळावा लागत नाही.

त्याच आठवड्यात झिऱ्याची धार मोजायला सुरुवात करा. एक बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ, बस. १५ लिटरची बादली भरायला किती वेळ लागला ते वहीत लिहा. महिन्यातून एकदा, एकाच तारखेला. पायथ्याच्या तीन-चार विहिरींत काठापासून पाण्यापर्यंत टेप सोडून खोली मोजा. पंप चालू करण्याआधी, सकाळीच मोजा. उपसा झाल्यावरचा आकडा कामाचा नाही.

२. टेकडी कागदावर कोणाची आहे ते शोधा

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, आम्हीही अडकलो. विदर्भात उजाड दिसणारी टेकडी कागदावर बहुधा मोकळी नसते. ती राखीव किंवा संरक्षित वन असेल, गायरान असेल, नाहीतर झुडपी जंगल असेल. झुडपी जंगल, म्हणजे महसुली नोंदीत खुरट्या झुडपांची म्हणून लिहिलेली जमीन, हा प्रकार नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत आहे. सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनीवर अशी नोंद आहे. आपल्याच १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानुसार ही जमीन वनच धरायची, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. म्हणजे तिथे चर खोदायचा तर वनविभागाला सोबत घेतल्याशिवाय जायचं नाही.

आम्ही टेकडी गायरान आहे असं समजून कामाला लागलो. गावात सगळे तसंच म्हणायचे. दीडशे मीटर चर खोदून झाल्यावर वनरक्षक आले, गट नंबर तपासला आणि तो झुडपी जंगल निघाला. काम तीन महिने थांबलं. चूक आमचीच होती, सातबारा कोणी काढूनच पाहिला नव्हता.

जमवायचे कागद:

- टेकडीच्या प्रत्येक गट नंबरचा सातबारा आणि गावाचा नकाशा
- निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. गावाचा चराईचा, जळणाचा, पाणवठ्याचा जुना हक्क यात लिहिलेला असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये यांची तरतूद आहे. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल मागा. तिथे "मिळत नाही" असं तोंडी सांगितलं तर तेच लेखी मागा.
- भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा, समोच्च रेषा असलेला
- ग्रामसभेचा ठराव, सह्यांसहित
- वनजमीन असल्यास संयुक्त वनव्यवस्थापन समितीचा ठराव आणि वनविभागाशी झालेला पत्रव्यवहार
- कामाआधीचे फोटो. प्रत्येक वेळी एकाच जागी उभं राहून काढा. आम्ही त्यासाठी एका दगडावर चुन्याची खूण केली आहे.

तुमचं गाव जंगलावर जगत आलेलं असेल तर वनहक्क कायदा, २००६ नीट वाचा. सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा, तिचं पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क त्यात आहे. शिवाय कलम ५ प्रमाणे पाणलोट क्षेत्र आणि जलस्रोत सांभाळणं हे हक्कधारकांचं आणि ग्रामसभेचं काम आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली हा हक्क मिळवला. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरने हक्क मिळाल्यावर उजाड जमिनीवर जंगल उभं केलं आणि २०१४ साली त्या कामाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एक खाच लक्षात ठेवा. ग्रामपंचायतीच्या नेहमीच्या ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण पुरतात. वनहक्काच्या ठरावाला मात्र निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात. पंचवीस सह्यांचा ठराव घेऊन गेलात तर दावा तिथेच परत येतो.

३. गायकी (म्हणजे गुराखी) आणि शेळीवाल्यांशी आधी बोला

ग्रामसभेच्या आधी. ठराव करून मग त्यांना कळवलं तर काम बसलं म्हणून समजा. टेकडी बंद झाली की पहिला फटका त्यांच्याच घराला बसतो. ज्याच्याकडे वावर आहे त्याच्या बैलाला कुटार, म्हणजे पिकाचा भुसा, मिळतं. ज्याच्याकडे फक्त आठ-दहा शेळ्या आहेत त्याला टेकडीशिवाय काय आहे?

आम्ही पहिली बैठक सकाळी नऊला ठेवली होती. त्या वेळी ते सगळे गुरं घेऊन रानात. बैठकीत टेकडी बंद करायचं एकमताने ठरलं आणि आठ दिवसांत सगळं मोडलं. दुसऱ्यांदा रात्री जेवणं झाल्यावर त्यांच्याच ओट्यावर बसलो. तेव्हा एका म्हाताऱ्या गायकीने जे सांगितलं तेच आजही चालू आहे: टेकडीचे तीन तुकडे पाडा, एक बंद ठेवा, दोन उघडे. बंद तुकड्यातलं गवत दिवाळीनंतर, बी झडल्यावर, विळ्याने कापून न्यायचं आणि त्यात पहिला वाटा शेळी-गुरंवाल्यांचा. तीन वर्षांनी तुकडा बदलायचा. कोणत्या दगडापासून कोणत्या पळसापर्यंत बंदी, हे त्यांच्यासोबत चालूनच ठरवा. नकाशावरची रेघ गुरांना दिसत नाही, गुराख्यालाही नाही.

४. एक वर्ष फक्त राखण: चराई आणि वणवा

हे वर्ष रिकामं गेलं असं लोकांना वाटतं. माझ्या मते संपूर्ण कामातलं सगळ्यात मोलाचं वर्ष हेच. मुळं आणि बी जमिनीत असतातच. एका पावसाळ्यात गवत घोट्यापर्यंत येतं, दुसऱ्यात मांडीपर्यंत. पळस, तेंदू, धावडा यांचे खुंट आपोआप फुटतात. आमच्याकडे ऐनाची जी झाडं आज डोक्यावर गेली आहेत त्यातलं एकही आम्ही लावलेलं नाही.

वणव्याचं सांगायचं तर १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतात. आमच्या भागातलं मोठं कारण म्हणजे मोहफुलं. मार्च-एप्रिलमध्ये फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, वारा सुटतो आणि आग टेकडीवर चढते. मोहाचं उत्पन्न गरिबाच्या घरातलं आहे, म्हणून वेचणाऱ्यांना दोष देत बसू नका. आम्ही फेब्रुवारीतच त्यांच्यासोबत प्रत्येक मोहाखालचा पाला झाडून बाजूला करतो. काही जणींनी झाडाखाली जुन्या साड्या अंथरायला सुरुवात केली. फूल स्वच्छ मिळतं, माती लागत नाही, भाव चांगला येतो. बंद तुकड्याच्या कडेने तीन-चार मीटर रुंदीची जाळरेषा गवत कापून साफ ठेवा. वनजमिनीवर असेल तर ती वनविभागाच्या माणसांबरोबरच करा.

५. आता चर: पण आधी समपातळी शिका

सलग समतल चर म्हणजे टेकडीच्या उताराला आडवा, एकाच पातळीत खोदलेला चर. त्यातला 'समतल' हा शब्द पाळला नाही तर चर पाणी अडवत नाही, एका टोकाला गोळा करून फोडतो. पहिल्या वर्षी आम्ही नजरेने रेघ मारली होती. जुलैत एका रात्री मोठा पाऊस झाला. सकाळी पाहिलं तर चराचं सगळं पाणी खालच्या टोकाला जाऊन बांध फुटला होता आणि तिथे कमरेएवढी नवी ओघळ पडली होती. ती बुजवायला पुढची दोन वर्षं गेली.

समपातळी काढायला ए-फ्रेम पुरते. दोन सारखे सहा फुटी बांबू वर एकत्र बांधा, पाय साधारण चार फूट फाकवा, मध्ये आडवी पट्टी बांधा. वरच्या गाठीतून सुतळी सोडा आणि टोकाला दगड. आता दोन पाय दोन खुंट्यांवर ठेवा, सुतळी आडव्या पट्टीला जिथे लागते तिथे पेन्सिलने खूण करा. मग पायांची अदलाबदल करा, म्हणजे डावा उजव्याच्या खुंटीवर, आणि दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी खूण, तीच समपातळीची. ही अदलाबदल बरेच जण टाळतात आणि सगळी रेघ चुकते. वाऱ्याने सुतळी हलते, म्हणून सकाळी लवकर काम करा आणि दगड हाताने थोपवून सोडा. पारदर्शक नळीत पाणी भरलेलं हायड्रोमार्करही चालतं, काम जलद होतं. पण नळीत एक बुडबुडा राहिला तरी आकडा खोटा येतो.

खोदताना:

काम माथ्यावरून सुरू करून खाली यायचं. खालून सुरू केलं तर वरून येणारं पाणी आधीच वेगात असतं. चर ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असेल तर एका मीटर लांबीत १८० लिटर पाणी मावतं. दोन चरांत १० मीटर अंतर असेल तर वरच्या पट्ट्यातून १८ मिलिमीटर पाणी वाहून आलं की चर भरला. आपल्याकडे एका दिवसात त्याहून जास्त वाहतं, म्हणून उतार तीव्र असेल तर अंतर कमी करा. सगळं पाणी चरातच मावेल अशी आशा धरू नका. माती नेहमी उताराच्या खालच्या बाजूला टाका आणि चराच्या काठापासून एक वीत जागा सोडून. दर पाच-सात मीटरवर चरात थोडी माती न खोदता तशीच ठेवा, म्हणजे एका जागी फुटलं तरी अख्खा चर रिकामा होत नाही. झाड आलं, खडक आला, की तिथे चर थांबवा आणि पलीकडून पुन्हा त्याच पातळीवर सुरू करा.

जिथे गवत चांगलं आहे तिथे चर खोदूच नका. महादेवाच्या ठाण्याभोवती आम्ही आजपर्यंत एक घमेलंही माती उकरलेली नाही. जेसीबीचा मोह उतारावर टाळा. यंत्र वर चढतानाच जेवढं गवत मोडतं आणि जेवढी माती सैल करतं तेवढी एका चराने अडत नाही.

हत्यारं: टिकास, फावडं, सब्बल, घमेली, चुना, सुतळी, टेप. खोदायला सगळ्यात चांगला काळ पावसाळा सरल्यावर, मुरूम ओला असताना, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. मे महिन्यात श्रमदान ठेवलंच तर पहाटे साडेपाचला सुरू करा आणि नऊला खाली उतरा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर नकोच. दगड उचलताना सब्बलीने आधी पलीकडची कड उचला, खाली विंचू असतो. एकट्याने जाऊ नका, कोंढाळी-बोरच्या रानात बिबट आहे, वाघही येतो.

मजुरीसाठी रोजगार हमीतून मृद-जलसंधारणाची कामं होतात. कामाची यादी ग्रामसभेत मंजूर करून पंचायत समितीत द्या आणि चालू वर्षाचे नियम तिथेच विचारा.

६. ओघळीतले दगडी बांध

लहान ओघळीत सुट्या दगडांचा बांध घालायचा. पाणी थांबवण्यासाठी तो नाही, वेग मोडण्यासाठी आहे. दगडांतून पाणी झिरपत जातं आणि माती मागे बसते. उंची एक मीटरच्या आत ठेवा. बांधाची दोन्ही टोकं ओघळीच्या काठात फूटभर आत घुसवा आणि मधला भाग टोकांपेक्षा सखल ठेवा. हे विसरलात तर पाणी बाजूने काठ खात जातं आणि बांध ओघळीच्या मध्ये एकटा उभा राहतो. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीत आला की अंतर बरोबर.

एक मोठी चूक सगळीकडे दिसते. बांधाला दगड हवा म्हणून उतारात रुतलेले दगड उपटून काढतात. त्या दगडाने तिथली माती धरून ठेवलेली असते. फक्त सुटे, वर पडलेले दगड घ्या. तारेच्या जाळीचे गॅबियन किंवा सिमेंटचे बंधारे हे मोठ्या नाल्याचं काम आहे. ते आराखडा आणि मंजुरीशिवाय करू नका.

७. आधी गवत, मग झुडूप, मग झाड

मृगाच्या पहिल्या पावसाआधी चराच्या बांधावर गवताचं बी पेरा. बी विकत आणण्यापेक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपल्याच टेकडीवरून मारवेल, पवन्या, कुसळीचं बी जमवा आणि कोरड्या पोत्यात ठेवा. पेरताना शेण-मातीत कालवा, नाहीतर वाऱ्याने उडतं.

रायमुनिया, म्हणजे घाणेरी, काढायची तर मुळासकट. नुसती कापली तर दुप्पट फुटते. फळ धरायच्या आधी काढा, उपटलेलं झुडूप मुळं वर करून ठेवा आणि मोकळ्या जागेत लगेच गवत पेरा. अख्खा उतार एकदम साफ करू नका. माती उघडी पडते आणि तिच्या आडोशाला वाढणारी रोपंही जातात.

झाडं लावायची तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी, जिथे माती टिकली आहे तिथेच: आवळा, चारोळी, बेहडा, ऐन, बेल, मोह. ओघळीच्या काठाला करंज आणि अर्जुन. वृक्षारोपणाच्या दिवशी हजार खड्डे आणि फोटो, असं काही करू नका. आम्ही चाळीसच रोपं लावली, प्रत्येक घराने दोन-तीन सांभाळली.

८. खाली बोअर वाढले तर वरचं काम कोण पिणार?

हे कोणी आधी सांगत नाही. दोन-तीन वर्षांत विहिरींना पाणी वाढलं की पायथ्याशी नवे बोअर पडायला लागतात आणि नवे बगीचे लागतात. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये खोल विहिरींवर निर्बंध आणि पिण्याच्या पाण्याच्या स्रोताला संरक्षण आहे. कागदावरच्या कायद्यापेक्षा गावाचा ठराव जास्त चालतो, म्हणून पाणी वाढायच्या आधीच ठरवा: झिऱ्याच्या किती अंतरात बोअर नाही, संत्र्याला ठिबकच, उन्हाळी पीक कोणतं आणि किती. आम्ही हे उशिरा केलं. तोपर्यंत दोन बोअर पडले होते आणि त्या दोन घरांशी बोलणी अजून चालू आहेत.

वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. आमची वही शाळेतल्या मुलींकडे आहे. पावसाचं माप, विहिरींची खोली आणि बादलीला लागलेला वेळ त्या लिहितात आणि दर महिन्याला तो आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चुन्याने मांडतात. पहिल्या वर्षीच्या मे महिन्याच्या पानावर धारेच्या रकान्यात एकच शब्द आहे, "कोरडा". मागच्या मे महिन्याच्या पानावर लिहिलंय: बादली, ४ मिनिटे १० सेकंद.